लाँगमीडची वाट

इंग्लंडातल्या नॅदरकोम पॅरिशचा इतिहास सांगायला फार वेळ लागत नाही. कोणे एके काळी एका सरदाराला इथून जाताना ताप भरला आणि तो इथेच मेला, म्हणून चर्चमध्ये त्याचा दगडी पुतळा आहे, नाक फुटलेलं. पुढे महामारी आली. तिच्यातून जे वाचले ते ओढ्याकाठचं गाव सोडून वर टेकडीवर राहायला गेले. चर्च खालीच राहिलं, कारण चर्चला पाय नसतात आणि वर नवं बांधायचं म्हटल्यावर कोणाच्याही खिशाची गाठ सुटेना. तेव्हापासून नॅदरकोमची माणसं वर जगतात आणि पुरून घ्यायला खाली जातात.

भूगोल तर त्याहून सोपा. टेकडी आणि चर्च यांच्यामध्ये लाँगमीड नावाचं गवताचं लांबट रान आहे. त्यातून उतरणारी पायवाट धरली की घंटा सुरू झाल्यावर घरून निघावं आणि ती थांबायच्या आत बाकावर बसावं. दुसरा रस्ता गिरणीवरून फिरून जातो. तो ओढ्यातून दोनदा जातो, आणि हिवाळाभर त्यातला चिखल माणसाला सोडतो पण बूट ठेवून घेतो.

लाँगमीड पर्किसच्या मालकीचं. बाप होता तोवर वाटेला कोणी हरकत घेतली नाही. बाप गेला, मुलाने बाहेरून उंची मेंढ्या आणल्या, आणि गावाच्या कुत्र्यांनी त्यातल्या दोन फाडल्या. पर्किसने वाट बंद केली. वरच्या अंगाला हॉथॉर्नचं दाट काटेरी कुंपण घातलं, त्यात एक फाटक, फाटकाला कुलूप. हे कुंपण ज्याने लावलं तो एनॉक ट्रँटर, पर्किसचा गडी. कुंपण विणण्यात त्याचा हात धरणारा त्या टापूत नव्हता. हुकूम मालकाचा, मजुरी मालकाची, राहतं खोपटंही मालकाचं; पण गावाचा राग गेला तो थेट एनॉकवर. पर्किसवर रागवायचं म्हणजे त्याच्याकडचं काम सोडावं लागतं. एनॉकवर फुकट रागवता येत होतं.

त्याची बायको केझिया हे सगळं पाहत होती. तिला लिहिता येत नव्हतं, पण माणसांचा जमाखर्च तिच्याइतका चोख कोणाचाच नव्हता. गुत्त्यात एनॉकच्या बाकावर शेजारी बसणं कोणी कधी सोडलं, विहिरीवर कोणी पाठ फिरवली, आणि एनॉक छातीच्या दुखण्याने पडला तेव्हा दारावरून कोण कोण न थांबता गेलं, हे तिच्या डोक्यात नीट मांडलेलं होतं. आजारपणात दारात आलेल्यांच्या बाजूला एकच नाव होतं: पाद्री लॅव्हिंग्टन. तेही सूप घेऊन आले नव्हते, प्रार्थना घेऊन आले होते.

इकडे गाव एका वेगळ्याच गोष्टीची वाट पाहत होतं. नॅदरकोममध्ये दूध पिणाऱ्या पोरालाही एक कायदा ठाऊक असतो: ज्या वाटेने मढं जातं ती वाट कायमची गावाची होते. मग राजा आला तरी ती बुजवता येत नाही. आणि मढं अडवायचंही नाही. जो अडवतो त्याच्या घरातून वर्षाच्या आत शवपेटी निघते. म्हणजे लाँगमीड परत मिळवायला गावाला कोर्ट नको होतं, वकील नको होता. फक्त कोणीतरी मरायला हवं होतं.

नाताळात म्हातारी हॅना बीडल अंथरुणाला खिळली, तेव्हा साऱ्या गावाला तिचा असा काही कळवळा आला की विचारू नका. रोज चौकशी. रोज रस्सा. रश्श्यानेच की काय, म्हातारी उठून बसली आणि गुत्त्यात तिचा विषय निघाला की लोक उसासे टाकू लागले.

मग मार्चमध्ये एनॉक ट्रँटर मेला.

केझियाने त्याचे डोळे मिटले तोवर दाराशी लोहार ओबेड स्टरमी उभा. मागे त्याची बायको डॉर्कस, तिच्या हातात फडक्याखाली अख्खं हॅम, डुकराची खारवलेली मांडी.

"गेला गं आपला एनॉक," डॉर्कस म्हणाली आणि केझियाच्या गळ्यात पडली. वर्षभर जिने विहिरीवर हिचा घडा बाजूला सारला होता तिचेच हे हात. केझियाने ते मोजून घेतले.

"बसा," ती म्हणाली. "हॅम तिथे ठेव. मांजर आहे, झाक नीट."

ओबेडने टोपी काढली. "हे बघ केझिया, झालं गेलं ओढ्याला मिळालं. एनॉक आपल्या गावचा माणूस. खांदा द्यायला माणसं मी ठरवलीत. चांगली दणकट. तुला कशाची काळजी नको."

"खांदा द्यायला माणसं आहेत होय? महिनाभर त्याला कुशीवर वळवायला एकही मिळत नव्हता."

"टोमणे मार, मार," ओबेड समजुतीने म्हणाला. "तुझा दिवस आहे. पण एक सांगतो. आम्ही नेऊ ते लाँगमीडमधून नेऊ. सरळ. मानाने. आपले बापजादे गेले तसे."

"आणि गिरणीवरून न्या म्हटलं तर?"

ओबेडने डॉर्कसकडे पाहिलं. डॉर्कसने हॅमकडे पाहिलं.

"गिरणीच्या रस्त्याला गुडघाभर पाणी आहे बाई," ओबेड म्हणाला. "पेटी घेऊन कोण उतरणार त्यात? माझी तर पाठ धरलेली. बाकीच्यांचंही तसंच."

"लाँगमीडमध्ये पाठ सुटते वाटतं?"

"अगं, तूच विचार कर ना," डॉर्कस जवळ सरकली. "एनॉकने ते मेलं कुंपण लावलं, गावाची वाट गेली. आता त्याच्याच पेटीने ती परत आली तर केवढं पुण्य त्याच्या नावावर! लोक जन्मभर नाव घेतील. ट्रँटरची वाट म्हणतील."

जिवंतपणी ज्याच्याशी गाव बोललं नाही त्याच्या मढ्याला आता गावचं काम लागलं होतं, आणि मजुरी म्हणून हॅम आधीच आलं होतं.

ती दोघं गेल्यावर तासाभरात पर्किस आला. लाल चेहरा, मळके पण महागडे बूट. आत आला, एनॉककडे पाहून टोपी छातीशी धरली. माणूस वाईट नव्हता, म्हणजे वाईट वागायची गरज पडेपर्यंत नव्हता.

"गडी चांगला होता," तो म्हणाला. "त्याच्यासारखं कुंपण आता कोणी घालणार नाही."

"खरं आहे मालक. गावही तेच म्हणतं."

पर्किसला त्यातलं तिखट लागलं. तो खुर्चीवर बसला. "ते लोहाराचं टोळकं आलं होतं ना? काय शिजतंय मला ठाऊक आहे. केझिया, मी गोल गोल बोलत नाही. हे खोपटं गड्याचं. गडी नसेल तर दुसरा गडी येणार. तुला जाग्यावरून उठवणं माझ्या जिवावर येतं, पण पेटी माझ्या रानातून गेली आणि कायमची वाट पडली, तर मग माझाही हात आखडेल. समजलं?"

"समजलं. गरीबखान्यात जा म्हणताय."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कुठे जाऊ, ते म्हणा."

पर्किस बुटाचा चिखल जमिनीवर घासू लागला. तालुक्याच्या गावी गरीबखाना होता, विटांचा, उंच खिडक्यांचा. तिथे केस कापतात, निळे कपडे देतात, आणि मेल्यावर तिथेच मागच्या आवारात पुरतात, कोणाच्याही शेजारी. केझियाची दोन लेकरं खालच्या चर्चच्या आवारात होती. आता एनॉकही तिथेच जाणार. उरलेली जागा तिची. तिला जगात हवं होतं ते एवढंच: इथलं छप्पर, आणि मग तिथली जागा.

"गिरणीवरून नेऊ द्या त्यांना," पर्किस म्हणाला.

"नेत नाहीत. पाठ धरलीय म्हणे सगळ्यांची. तुमचे दोन गडी आहेत; चार लागतात. आणि त्यांनी उचललेली पेटी मी कशी अडवू? तुम्ही अडवा फाटकात."

"मढं?" पर्किस दचकला. त्याची बायको पोटुशी होती. "वेडी की काय तू? मढं अडवायचं?"

मग तो पुढे झुकला. आवाज खाली आणला, जणू एनॉक ऐकेल.

"एक तोड आहे. माझा आजा सांगायचा. मढ्याबरोबरच्या माणसाने रानमालकाला काहीतरी दिलं, अगदी टाचणी का असेना, तर ते जाणं मागून मिळालेलं ठरतं. मेहरबानी. मग हक्क बसत नाही, वाट पडत नाही. मी फाटकात उभा राहीन. कुलूप काढीन. हात पुढे करीन. तू टाचणी दे. बस्स. मग तू मरेपर्यंत या घरात राहा, भाडं नको. धार काढायला ये, दूध घेऊन जा. पर्किसचा शब्द आहे."

"आणि नाही दिली तर?"

पर्किस उठला. टोपी घातली. "चांगला गडी होता," तो पुन्हा म्हणाला आणि वाकून दारातून बाहेर पडला.

केझिया नवऱ्याजवळ बसली. "बघितलंस?" ती म्हणाली. "जिवंत होतास तेव्हा तुला कोणी भाकरीएवढा भाव दिला नाही. आता दोन्हीकडून बोली लागलीय." एनॉक जन्मभर हुकमाचा ताबेदार, आताही गप्प राहिला.

अंत्ययात्रेच्या दिवशी ऊन पडलं होतं. एवढी माणसं नॅदरकोममध्ये आहेत हे केझियाला त्या दिवशी कळलं. बायका काळ्या शाली पांघरून, पोरं तोंडं धुऊन, हॅना बीडलसुद्धा काठी टेकत आलेली. ओबेड आणि त्याचे तिघे सोबती पेटी उचलून पुढे निघाले. चौघांच्याही पाठी त्या दिवशी ठणठणीत होत्या. केझिया पेटीच्या मागे. तिच्या मागे सारं गाव, एखाद्या जत्रेला निघाल्यासारखं, फक्त हळू.

कुंपणाला कोवळी पालवी फुटलेली. एनॉकने फांद्या अर्ध्या कापून, आडव्या वाकवून अशा विणल्या होत्या की ससा शिरणार नाही. ओबेडने चालता चालता तिकडे एक तुच्छ नजर टाकली, खांद्यावर त्याच माणसाचं ओझं घेऊन.

फाटकात पर्किस उभा. मागे त्याचे दोन गडी. पेटी जवळ आली तसं त्याने कुलूप काढलं आणि फाटक उघडलं. गावातून एक हुंकार गेला. ओबेडचा चेहरा उजळला. पण पर्किस बाजूला झाला नाही. त्याने उजवा हात पुढे केला, तळवा वर, थेट केझियाकडे.

गावातल्या म्हाताऱ्यांना तो हात लगेच कळला. हॅना बीडल ओरडली, "देऊ नको गं! काही देऊ नको!"

"काय आहे हे?" एक पोरगी आईला विचारू लागली.

"चूप!"

ओबेडने पेटीखालून मान वळवली. "केझिया, चल पुढे. याच्याकडे बघू नको. तो अडवू शकत नाही. याच्या हाताकडे बघूच नको. एनॉकची आण आहे तुला."

"एनॉकची आण," केझिया हळू आवाजात म्हणाली, "तू कधीपासून घालायला लागलास?"

"अगं सगळं गाव आहे तुझ्या पाठीशी!" डॉर्कस मागून म्हणाली.

केझियाने मागे वळून पाहिलं. खरंच, सगळं गाव होतं पाठीशी. तिने एकेक चेहरा पाहिला. स्वयंपाकघरात एक खुर्ची रिकामी असलेली, वर माळ्यावर एक खाट पडून असलेली घरं तिला माहीत होती.

"बरं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "टाचणी देत नाही. वाट तुमची झाली. मालक मला उद्या घराबाहेर काढतील. मी कोणाकडे येऊ राहायला? डॉर्कस, तुझ्याकडे येऊ?"

डॉर्कसने तोंड उघडलं. "म्हणजे… आमच्याकडे, तुला माहितीये, सासूबाई आहेत, जागा…"

"हॅनाआजी?"

"मला काय विचारतेस? मी आज आहे, उद्या नाही!"

"ओबेड?"

"ही काय वेळ आहे का हे बोलायची?" ओबेड चिडला. पेटी खांद्यात रुतत होती. "बघू ना मग. गाव काही तुला टाकणार नाही. काढू काहीतरी मार्ग."

"मार्ग तर आत्ताच काढायला निघालाय तुम्ही," केझिया म्हणाली. "छप्पर कोण देतो ते सांगा."

लांबून मेंढ्यांचा आवाज येत होता. एका बाईने पोराचं नाक पुसायला घेतलं आणि ते बराच वेळ पुसत राहिली. एकाने तरी, नुसतं तोंडदेखलं का होईना, "ये" म्हटलं असतं तर केझिया पुढे चालली असती. हे तिला स्वतःलाही नंतर पक्कं ठाऊक होतं, आणि याचाच तिला जास्त राग होता.

तिने शालीची टाचणी काढली आणि पर्किसच्या तळव्यावर ठेवली.

पर्किसने ती सर्वांना दिसेल अशी उंच धरली, मग कोटाच्या पट्टीत खोचली. "माझ्या परवानगीने जा," तो म्हणाला. "देव एनॉकला शांती देवो."

ओबेडने बाकीच्या तिघांकडे पाहिलं. चौघं खाली वाकले आणि त्यांनी पेटी गवतावर ठेवली. अगदी जपून ठेवली. हे मात्र मान्य करायला हवं.

"याच्या मेहरबानीने आम्ही चालत नाही," ओबेड म्हणाला. "तूच ने आता तुझा माणूस."

"माझ्या माणसासाठी आला होतास ना?"

"थू!" ओबेड फाटकाजवळ थुंकला आणि टेकडी चढू लागला. त्याच्या मागे गाव. डॉर्कस जाता जाता म्हणाली, "आणि ते हॅम मी संध्याकाळी घेऊन जाईन." आणि घेऊन गेलीही.

फाटकात उरले पर्किस, त्याचे दोन गडी, केझिया आणि पेटी. खाली घंटा वाजत होती. दोन गडी पुढे लागले. मागे दोन खांदे कमी.

"मी एक धरते," केझिया म्हणाली.

पर्किसने चहूकडे पाहिलं. मेंढ्यांशिवाय कोणी नव्हतं. मग नॅदरकोमच्या सर्वांत मोठ्या शेतकऱ्याने कोट काढून फाटकावर टाकला आणि आपल्या गड्याच्या पेटीखाली खांदा दिला. केझिया बुटकी, पर्किस उंच. पेटी सगळी वाट तिच्या बाजूला कललेली. पर्किस धापा टाकत होता आणि मधूनच म्हणत होता, "जड आहे गं हा."

"जन्मभर तुमचंच खाल्लं ना," केझिया म्हणाली.

चर्चच्या आवारात पाद्री लॅव्हिंग्टन गावाची वाट पाहत उभे होते. चारच माणसं आलेली पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी काही विचारलं नाही. न विचारणं हा त्यांचा हातखंडा होता.

पर्किसने शब्द पाळला. भाडं मागितलं नाही, दूध दिलं, हिवाळ्याआधी छपरावर नवा पेंढाही घातला. गावानेही आपला शब्द पाळला, न देताच. केझियाशी कोणी बोलेना. तिने विहिरीवर घडा ठेवला की बाकीचे घडे उचलले जात. एनॉकच्या वेळी राग वाटून घ्यायला दोघं होती. आता सगळा तिच्या एकटीच्या वाट्याला आला. आणि वाट? टाचणी दिली गेली होती. साऱ्या गावाने डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे मेहरबानी झाली, हक्क गेला. नॅदरकोमचे लोक कायद्याला मानणारे. एकानेही पुन्हा त्या कुंपणाकडे पाऊल टाकलं नाही. दर रविवारी ते गिरणीवरून चिखल तुडवत जात आणि प्रत्येक पावलाला केझियाला एक शिवी देत.

पुढच्या थंडीत एकदा पाद्री तिच्याकडे आले. शेगडीजवळ बसले, चहा घेतला. बोलता बोलता केझियाने त्या दिवसाची गोष्ट काढली. दुसऱ्या कोणाजवळ काढणार?

पाद्री हसले. मऊ, शिकलेलं हसू. "मढ्याने वाट पडते, टाचणीने मोडते… केझिया, असा काही कायदाच नाही. इंग्लंडात कधीच नव्हता. ही बायाबापड्यांची समजूत."

केझियाच्या हातातली किटली थांबली. "मग वाट कोणाची?"

"वाट? आजे-पणजे चालत आले ती वाट गावाचीच. ती बंद करायला न्यायाधीशांचा हुकूम लागतो. पर्किसने तो कधी घेतलाच नाही. कोणी तक्रार केली असती तर आठवड्यात फाटक निघालं असतं."

"पेटी नसती तरी?"

"पेटीचा काय संबंध?"

"तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं, साहेब?"

"अर्थात."

"मग बोलला का नाहीत?"

पाद्रींनी कप खाली ठेवला. दर गुरुवारी ते पर्किसकडे जेवायला असत. भाजलेलं मटण तिथलं चांगलं असे. "मला कोणी विचारलं नाही," ते म्हणाले. "आणि तूही आता हे कुठे बोलू नकोस. एवढ्या दिवसांनी गावात जरा शांतता आहे."

ते गेल्यावर केझियाने कप विसळून ठेवला. तिने हिशेब मांडला. गावाला सांगितलं तर ओबेड न्यायाधीशांकडे जाईल. फाटक निघेल, गाव लाँगमीडमधून हसतखेळत उतरेल. पर्किसला सांगणारीचं नाव कळल्याशिवाय राहणार नाही, छप्पर जाईल. आणि गाव? गाव म्हणेल, हे आधी का नाही सांगितलंस. तिचं जे जायचं ते जाणार, त्यांचं जे मिळायचं ते मिळणार. हा सौदा तिने एकदा पाहिला होता.

पण खरं सांगायचं तर छपराची काळजी हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं तिला त्यानंतरच्या रविवारी कळलं.

आदल्या रात्रभर पाऊस झालेला. गिरणीजवळ ओढा रस्त्यावर आला होता. पुढे गाव चाललं होतं. डॉर्कसने सासूला पाठीवर घेतलेलं, ओबेडच्या हातात दोघींचे बूट, हॅना बीडल एका धोंड्यावर बसून देवाला आणि पाण्याला मिळून बोलत होती. आणि बरंच मागे, एकटी, केझिया. तिलाही याच रस्त्याने जावं लागत होतं. ती लाँगमीडमधून गेली असती तर कोणीतरी विचारलं असतं, ही कशी जाते? आणि मग सगळंच बाहेर आलं असतं.

डॉर्कसने मागे वळून पाहिलं. चेहरा घामाने आणि चिखलाने माखलेला. "बघतेस काय? मजा वाटते ना?" ती ओरडली. "तुझ्यामुळे हे!"

एका वाक्याचं काम होतं. ते केझियाच्या ओठांवर आलेलंही होतं. तिने म्हातारीचे लोंबकळणारे उघडे पाय पाहिले, हॅनाची काठी पाहिली, आणि ते वाक्य परत गिळलं. त्याची चव कडू होती, पण पोट भरलं.

मग तिने घागरा गुडघ्यापर्यंत उचलला आणि त्यांच्या मागोमाग गार पाण्यात पाय घातला.